छत कोणाच्या नावावर?

आमच्या घराचं लाईट बिल अजून दादांच्या नावावर येतं. दादांचा इंतकाल होऊन १९ वर्षं झाली. काही अडलं नाही, म्हणून कोणी नाव बदललं नाही. यंदा छतावर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा अडलं. नाव बदलायचं तर वारसांची संमती हवी. चाचा कागद घेऊन बसले. वारसांत दोन फुफींची नावं आली आणि सगळे गप्प झाले. इतक्या वर्षांत त्यांच्या हिश्श्याचं कोणी विचारलं नव्हतं; आता सही मात्र मागायची होती.

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट, ७५,०२१ कोटींची तरतूद. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला साधारण चार युनिट वीज देतं. योजना चांगलीच आहे. पण ती छत असलेल्यांची आहे.

माझ्या वर्गातली बरीच मुलं भाड्याच्या खोलीत राहतात. मालेगाव, भिवंडीत लूमवर राबणारी कितीतरी कुटुंबं अशीच राहतात. अनेकांकडे स्वतःचं मीटरही नाही. मालक सबमीटर लावतो आणि सांगेल तो दर घेतो. अनुदान सरकारी तिजोरीतून जातं. दुकानातून साबण घेताना जीएसटी भरणारा हा भाडेकरूही त्या तिजोरीत पैसे टाकतो. त्याला परत काय मिळतं?

मार्ग आहे. एका ठिकाणी प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज अनेकांच्या बिलांतून वजा करायची. याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ सालीच त्याची नियमावली केली. आपल्या नगरसेवक-आमदारांकडे मागायचं ते हे: भाडेकरूला स्वतःचं मीटर आणि शाळा, मार्केटच्या मोठ्या छतांवरच्या विजेत वाटा.

आणि सरकारकडे वाटा मागण्याआधी आपण घरात बघू. मुलीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिला आहे. तो द्यायला आपल्याला कोणत्या योजनेची वाट बघायची होती? मी चाचांना सांगितलं, फुफींकडे सहीसाठी जाऊ, पण आधी हिशोब घेऊन जाऊ. सोलर दोन महिने उशिरा लागलं तरी चालेल.