कपाळाशी नेलेला हात

क्रीट बेटावरच्या मिनोअन संस्कृतीतील ब्राँझच्या उपासकमूर्तींविषयी हा धागा.

काळ साधारण इ.स.पू. १७०० ते १४५०. बहुतेक मूर्ती जेमतेम वीतभर उंचीच्या. त्यांतला पुरुष ताठ उभा असतो. पाठ मागे कमानीसारखी ताणलेली, उजवा हात कपाळाशी, डावा बहुधा अंगालगत. अभ्यासग्रंथांत या मुद्रेला सर्रास ‘मिनोअन सॅल्यूट’ म्हणतात. माझा आक्षेप या शब्दालाच आहे.

सॅल्यूट म्हटले की समोर अधिकारी आला, दर्जा आला, कवायत आली. मराठी वाचकाला ‘मुजरा’ आठवेल. पण मुजरा करणारा पुढे झुकतो, आणि हा माणूस तर मागे रेलला आहे. देवतेच्या तेजाने दिपलेले डोळे तो झाकतो आहे, असेही एक मत आहे. मला ते अधिक पटते. तरी तेही अनुमानच. मिनोअनांची ‘लिनिअर ए’ लिपी अजून वाचता आलेली नाही. या मुद्रेला ते काय म्हणत, हे सांगणारा एकही शब्द आपल्या हाती नाही.

हाती आहे तो धातू. आधी मेणाची आकृती, तिच्यावरून साचा, मग भरीव ओतकाम. मिश्रणात कथील कमी असल्याने रस नीट वाहत नसे आणि पृष्ठभाग खडबडीत राही. तो घासूनपुसून गुळगुळीत करण्याची तसदी सहसा कोणी घेतलेली नाही. याला कारागिराचे अपुरे कौशल्य म्हणणे मला हास्यास्पद वाटते. याच बेटावर नखाएवढ्या मुद्रांवर अतिशय सूक्ष्म कोरीवकाम होत होते! शिवाय कथील बेटावर मिळत नसे, ते समुद्रापलीकडून आणावे लागे. डोंगरमाथ्यांवरच्या देवस्थानांत मातीच्या मूर्ती विपुल सापडतात. त्यांच्या तुलनेत ब्राँझचे दान महागच होते.

टिलिसोस येथील मूर्तीचे पोट चांगलेच सुटलेले आहे. साचेबद्ध भक्तापेक्षा कोणा विशिष्ट गृहस्थाला पाहूनच ती घडवली असावी, असे वाटत राहते.

डेव्हिड होगार्थ यांनी १९०० मध्ये प्सिक्रोची गुहा खणली, तेव्हा तळाच्या दालनात, पाण्याकाठच्या चिखलात आणि चुनखडीच्या खांबांच्या फटींत ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्या काळोखात मूर्तीचा खडबडीतपणा पाहायला कोण येणार होते? आज त्याच मूर्ती काचेच्या कपाटात, दिव्याखाली उभ्या आहेत. तिथल्या पाटीवर ‘उजवा हात कपाळाशी’ एवढेच लिहावे.