तू नक्की कुठला रे?

आपल्या होस्टेलवर सातारकर आणि सांगलीकर असे दोन गट. खरं तर १९४९ पर्यंत खानापूर तालुकाही सातारा जिल्ह्यातच होता, पण ते कोण ऐकतो!

माझा रूममेट मात्र दोन्हीकडे बसत नाही. गाव विट्याजवळ, वडिलांचं गलाईचं दुकान केरळात. जुनं सोनं वितळवून तेजाबानं शुद्ध करायचं, हा धंदा. खानापूर, आटपाडी, खटाव, माणच्या दुष्काळानं अशी घरं देशभर पांगली.

तो मराठी बोलला की आपण हसतो. अरे, शाळेत मल्याळम, बाजारात मल्याळम. मग हे मराठी टिकलं कशावर? घरावर आणि तिथल्या मराठी मंडळावर. दिवसभर भट्टीपुढे राबलेली माणसं रात्री मंडळाच्या गणपतीपुढे गावाकडच्या पावसापाण्याच्या गप्पा मारतात, लग्नं जुळवतात, कुणी अडलं तर वर्गणी काढतात. (बायकांना बहुधा प्रसादाचंच काम, हे मला पटत नाही. त्यालाही नाही.)

माझं म्हणणं एवढंच, यंदा होस्टेलच्या गणपतीत आरती त्याला सांगू द्या. त्याला सगळ्या पाठ आहेत. आपण दुसऱ्या कडव्यापासून नुसते ओठ हलवतो.