बालेवाडीतील नुरा कुस्ती

दि. २८ जानेवारी २०१२ रोजी, शनिवारी, ‘कलर्स’ या हिंदी वाहिनीवर ‘रिंग का किंग’ या मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला. चित्रीकरण पुण्यातील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत झाले होते. निर्मिती ‘एंडेमॉल इंडिया’ची, तंत्र आणि बरेचसे मल्ल मात्र अमेरिकेच्या ‘टीएनए’ या कंपनीचे. त्या कंपनीचे एक संस्थापक जेफ जॅरेट हे या खेळाचे सूत्रधार, तर प्रसिद्धीचा चेहरा क्रिकेटपटू हरभजन सिंग. २६ भाग झाले, एप्रिल २०१२ मध्ये पडदा पडला आणि दुसरा हंगाम काही आला नाही. असे असले, तरी त्या पहिल्या भागाने उभा केलेला प्रश्न आजही सुटलेला नाही.

या प्रकारात कोण जिंकणार हे मल्ल दोरांच्या रिंगणात उतरण्यापूर्वीच ठरलेले असते. हा कोणा टीकाकाराचा आरोप नव्हे. राज्याच्या क्रीडा नियंत्रणातून व करातून सुटका व्हावी म्हणून १९८९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे या धंद्यातील सर्वांत मोठ्या कंपनीनेच ही करमणूक असल्याचे मान्य केले होते. मराठीत त्यासाठी जुना शब्द आहे – नुरा कुस्ती. तालमीत हा शब्द शिवीसारखा वापरला जातो.

न्यायाची गोष्ट अशी की, या मल्लांची मेहनत खोटी नसते. उंचावरून पाठीवर आदळणारे शरीर हाडामांसाचेच असते. शिवाय कुस्तीचे नाट्य भारताला नवे नाही. मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या ‘फ्री स्टाइल’ लढतींना गर्दी लोटत असे. नाटक म्हणून नाटक दाखवण्यास कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती नाटकाने स्पर्धेचा वेश घेण्याला. संहितेनुसार बहाल होणाऱ्या पट्ट्याला ‘जागतिक अजिंक्यपद’ म्हटले जाते, तेव्हा दूरदर्शन संचापुढे बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला खरे-खोटे कोणी सांगायचे?

आणि भारतीय मल्लांच्या वाट्याला काय आले? ‘महाबली वीरा’सारखे एखादे भारदस्त नाव सोडले, तर ‘पागल परिंदा’, ‘डेडली डांडा’ अशी सोंगे. पुढील भागांत खलनायकांच्या टोळीचे नाव ठेवले गेले ‘आरडीएक्स’! १२ मार्च १९९३ रोजी याच स्फोटकाने मुंबईत २५७ जणांचे प्राण घेतले होते. ज्या पुण्यात चित्रीकरण झाले, तेथील जर्मन बेकरीतील स्फोटाला पुरती दोन वर्षेही उलटली नव्हती. परक्या निर्मात्याला या शब्दाची जखम ठाऊक नसेल. येथल्या निर्मात्यांना आणि वाहिनीला ती आठवू नये?

मात्र सारा दोष अमेरिकेच्या माथी मारून मोकळे होणे म्हणजे आत्मवंचना ठरेल. त्याच काळात, २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे, नरसिंग यादव ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा जिंकत होते. मालिका संपल्यावर चार महिन्यांच्या आत लंडन ऑलिंपिकमध्ये सुशील कुमार यांनी रौप्य आणि योगेश्वर दत्त यांनी कांस्यपदक मिळवले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव तर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. खऱ्या मल्लांचा दुष्काळ कधीच नव्हता. दुष्काळ होता तो त्यांच्यावर प्रकाशझोत टाकणाऱ्यांचा. तालमीतला पोर पहाटे उठून जोर-बैठका मारतो, घरचे लोक पोटाला चिमटा घेऊन त्याच्या खुराकाची सोय करतात आणि समाज त्याला वर्षातून एकदा, जत्रेच्या फडात पाहतो. जी जागा आपण रिकामी ठेवली, ती बाहेरच्याने भरली.

ती जागा भरता येते, याचा पुरावाही बालेवाडीनेच दिला आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि याच क्रीडानगरीत ‘पुणेरी पलटण’चे सामने रंगले. झगमगाट तोच, दिवे तेच, निवेदकांचा जल्लोषही तोच. पण चढाईचा निकाल कोणी आधी लिहून ठेवलेला नव्हता. मातीतला खेळ घराघरांत पोहोचला. कुस्तीसाठी २०१५ मध्ये प्रो रेसलिंग लीगचा प्रयोग झाला खरा. मात्र २०१९ च्या हंगामानंतर त्यात अनेक वर्षांचा खंड पडला.

कबड्डीला जे साधले, ते कुस्तीला का साधू नये? त्यासाठी प्रायोजक हवेत, चोख आयोजन हवे आणि सर्वांआधी प्रेक्षक हवा. मुलांना वाहिनीवरील सोंगांपासून दूर राहण्याचा उपदेश करणे सोपे आहे. त्यांचे बोट धरून एकदा गावच्या फडावर न्यावे. हौद्यातील मातीला हात लावून, शड्डू ठोकून समोरासमोर उभे राहणारे दोन मल्ल त्यांनी पाहावेत. कोण चितपट होणार हे तेथे वस्तादालाही ठाऊक नसते. ती हुरहूर एकदा अनुभवलेल्या मुलाला नुरा कुस्ती ओळखायला वेगळे शिकवावे लागणार नाही.