भाडेकरू यजमान

गेल्या वर्षी हिशेबशास्त्राच्या तासाला सर ‘गुडविल’ शिकवीत होते. पुस्तक इंग्रजी आणि मी मराठी माध्यमातून आलेला, त्यामुळे व्याख्या काही डोक्यात शिरेना. तेव्हा सरांनी प्राण्यांचे उदाहरण दिले. धंद्याची ख्याती काही ठिकाणी मांजरासारखी असते. मालक घर सोडून गेला तरी मांजर त्या घरातच राहते. काही ठिकाणी ती कुत्र्यासारखी असते. मालक जाईल तिकडे कुत्रा त्याच्यामागे जातो. तिसरी उंदरासारखी, तिला ना घराचे प्रेम ना मालकाचे. वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एका कन्नडिग मित्राने विचारले, “सर, आयपीएलचा प्रेक्षक यांपैकी कोण?” सरांनी प्रश्न हसण्यावारी नेला. मला मात्र त्या दिवशी इंदूरचे होळकर स्टेडियम आठवले आणि हा लेख तिथेच सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही.

माझे आजोळ इंदूरचे. एप्रिलच्या दहा तारखेला शाळेला सुटी लागली की पुणेमार्गे इंदूर गाठायचे, हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. २०१७ साली मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षी ‘किंग्ज इलेव्हन पंजाब’ या संघाने आयपीएलमधले आपले घरचे पहिले तीन सामने इंदूरला खेळायचे ठरविले होते. मोहाली कुठे आणि इंदूर कुठे! पण या संघाला घर बदलण्याची सवयच होती. धरमशाला झाले, २०१४ साली कटक झाले, २०१५ साली पुण्याजवळचे गहुंजे झाले. २०१६ साली नागपूर ठरले होते, पण दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले आणि तो बेत फिसकटला. मग आले इंदूर. आमच्या गल्लीत एक कुटुंब दर अकरा महिन्यांनी करार संपला की हातगाडीवर सामान लादून पुढच्या गल्लीत जात असे, त्याची मला आठवण होते. फरक इतकाच, की ते कुटुंब नव्या गल्लीत आल्याबरोबर “आम्ही इथले यजमान” असे म्हणत नसे.

इंदूरला मात्र यजमानपण काय असते ते शिकविण्याची कोणाला गरज नव्हती. ज्या घराण्याचे नाव या स्टेडियमला आहे त्या होळकरांचा स्वतःचा संघ रणजी स्पर्धेत उतरत असे. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत हा संघ १० वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना थोडे झोंबेल, पण सांगायलाच हवे. १९४५-४६ च्या हंगामात होळकर संघाने इंदूरच्या यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या आणि त्या एका डावात सहा जणांनी शतके ठोकली. त्या सहांत कर्नल सी. के. नायडू होते, चंदू सरवटे होते, भाऊसाहेब निंबाळकर होते. नायडूंनी त्या वेळी पन्नाशी गाठलेली होती!

आता कोणी म्हणेल, नायडू तरी इंदूरचे कुठे? ते जन्माने नागपूरचे. निंबाळकरांनी आपल्या नाबाद ४४३ धावा १९४८ साली महाराष्ट्राकडून खेळताना केल्या. म्हणजे होळकरांनीही खेळाडू बाहेरूनच आणले. हा आक्षेप बरोबर आहे आणि तो मला बरेच दिवस छळत होता. दरबाराने पैसे आणि हुद्दे देऊन माणसे आणली, आजचे मालक लिलावात बोली लावून आणतात, मग नावे कशाला ठेवायची? पण नायडू होळकरांच्या फौजेत अधिकारी म्हणून आले आणि राहिले. १९६७ साली ते वारले ते इंदूरलाच. माझे आजोबा सांगत, की ही मंडळी रस्त्यात भेटत आणि लोक त्यांना कालच्या फटक्याचा जाब विचारीत. लिलाव आणि दरबार यांत पैशाचा फरक फार नसेलही, मुक्कामाचा मात्र आहे.

असो. त्या हंगामाकडे वळू. तीन सामने होते आणि योगायोग असा, की पाहुणे होते पुणे, बेंगळुरू आणि मुंबई. इंदूरच्या मराठी माणसाची यापेक्षा मोठी परीक्षा कोणी घेतली नसती! पहिले दोन सामने मी बेळगावात घरी दूरदर्शन संचावर पाहिले. ८ एप्रिलला पुण्याने १६३ धावा केल्या आणि मॅक्सवेलच्या पंजाबने सहा गडी राखून सामना जिंकला. १० तारखेला बेंगळुरूकडून डिव्हिलियर्सने ४६ चेंडूंत नाबाद ८९ धावा कुटल्या, तरीही पंजाबने १५० धावा पंधराव्या षटकातच पूर्ण केल्या. आमच्या गल्लीत पहिल्या सामन्याला मराठी पोरे खट्टू झाली आणि दुसऱ्याला कन्नड पोरे. मी दोन्ही दिवशी खट्टू होतो. घरात मराठी आणि अंगणाबाहेर कन्नड बोलणाऱ्याला ही सोय असते, हरायला दोन संघ मिळतात.

तिसऱ्या सामन्याला, म्हणजे २० एप्रिलला, मी मामांबरोबर प्रत्यक्ष स्टेडियममध्ये होतो. मामा इंदूरचे अस्सल क्रिकेटवेडे. २००१ साली नेहरू स्टेडियमवर सचिनने एकदिवसीय सामन्यांतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या, तेव्हा ते तिथे होते आणि ही गोष्ट ते पोहे-जलेबी खाताना ओळख नसलेल्या माणसालाही सांगतात. आत शिरताना आम्हा सर्वांच्या हातात पंजाबचे लाल झेंडे देण्यात आले. मी विचारले, “मामा, आपण कोणाच्या बाजूने?” मामा म्हणाले, “झेंडा फुकट मिळालाय ना, मग हलव. कोणाच्या बाजूने ते बघू पुढे.”

आणि पुढे जे पाहिले ते मी अजून विसरलो नाही. पंजाबच्या डावात अमलाने ६० चेंडूंत नाबाद १०४ धावा केल्या. एवढ्या सभ्यपणे कोणी इतक्या वेगाने धावा करू शकतो यावर माझा विश्वास बसेना. प्रत्येक चौकाराला सारे स्टेडियम लाल होत होते. पंजाबच्या १९८ धावा झाल्या. मग मुंबईचा डाव सुरू झाला आणि बटलरने फटके मारायला सुरुवात केली, तेव्हाही तेच स्टेडियम तितकेच ओरडत होते. तेच लोक आणि तेच लाल झेंडे! बटलर ७७ धावा करून बाद झाला, नितीश राणा नाबाद ६२ वर राहिला आणि मुंबईने २७ चेंडू राखून सामना जिंकला. यजमान संघ घरच्या मैदानावर हरला होता आणि घरात सुतक नव्हते. लोक हसत, चेष्टा करीत, ‘पैसे वसूल झाले’ म्हणत बाहेर पडले. मीही त्यांच्यातच होतो. पण पार्किंगपर्यंत चालत जाताना मला चुकल्यासारखे वाटत होते. आपला संघ हरला की पोटात जे तुटते ते का तुटले नाही, हे बारा वर्षांच्या मुलाला सांगता आले नसते. आता थोडेफार सांगता येते.

आयपीएलमध्ये घरच्या सामन्याच्या तिकिटांचे उत्पन्न यजमान संघाला मिळते आणि मैदान देणाऱ्या संघटनेला यजमानपदाचे शुल्क मिळते. व्यवहार चोख आहे, त्यात फसवणूक नाही. मालकाची अपेक्षा अशी, की संघ नेऊ तिकडे ख्याती त्याच्यामागे येईल किंवा नव्या गावात चार दिवसांत नवी तयार होईल. पण इंदूरचा प्रेक्षक हा सरांच्या उदाहरणातले मांजर आहे. त्याचे प्रेम मैदानावर आहे, चांगल्या फटक्यावर आहे. जो येईल त्याला तो दूध मागेल आणि जो जाईल त्याला उंबऱ्यात बसून निरोप देईल. या प्रेक्षकाला २०११ सालीही असाच एक पाहुणा मिळाला होता. कोची टस्कर्स केरळने आपले घरचे शेवटचे दोन सामने इंदूरला खेळले आणि त्याच वर्षी तो संघच बंद झाला. ज्या पुण्याच्या संघाने २०१७ च्या हंगामात इंदूरला पाऊल टाकले तो अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरला आणि त्याचाही कारभार तिथेच आटोपला. पंजाबचे म्हणाल तर तो पाचव्या क्रमांकावर राहिला. शेवटच्या सामन्यात पुण्याने त्याला अवघ्या ७३ धावांत गुंडाळले.

माझे काही मित्र म्हणतात, “तू उगाच भावनेत शिरतोस. संघ हा माल आहे, जिथे गिऱ्हाईक तिथे दुकान.” मी वाणिज्य शाखेचाच विद्यार्थी, मला दुकानदारीचा राग नाही. पण दुकानदारसुद्धा पेठेत पाय रोवायला चार-पाच वर्षे तोटा सोसतो, उधारी ठेवतो, गणपतीची वर्गणी देतो. तीन सामन्यांत पेठ मिळत नाही. माझे मत असे, की दुसऱ्या राज्यात ‘घर’ मांडायचे असेल तर निदान पाच वर्षांचा करार असावा आणि त्या काळात त्या गावच्या मुलांसाठी सराव शिबिरे घेण्याची अट असावी. ज्याला एवढे जमत नसेल त्याने खुशाल यावे, खेळावे, पण फलकावर ‘पाहुणा’ असेच लिहावे.

पंजाबचा संघ २०१८ च्या मे महिन्यात पुन्हा इंदूरला आला. चार सामने झाले, त्यांतला एकच त्याने जिंकला. कोलकात्याने २४५ धावा झोडपल्या आणि बेंगळुरूने पंजाबला ८८ धावांत बाद करून दहा गडी राखून हरविले. पुढच्या हंगामात संघ मोहालीला परत गेला. इंदूरमध्ये कोणी मोर्चा काढला नाही की कोणी रडले नाही. आमच्या लाल झेंड्याची काठी मामांच्या गॅलरीत मिरचीच्या रोपाला आधार म्हणून लावलेली मी पाहिली आहे.

पण त्याच शहरात पोटात तुटणारेही क्रिकेट आहे, हे मला उशिरा कळले. मध्य प्रदेशचा रणजी संघ १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात बेंगळुरूला कर्नाटकाकडून हरला, तोही पहिल्या डावात आघाडी घेतल्यावर. कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. हा पराभव मामा अजून कालचा असल्यासारखा सांगतात. २०२२ च्या जूनमध्ये त्याच चिन्नास्वामी स्टेडियमवर पंडित प्रशिक्षक म्हणून परतले आणि मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. इंदूरच्या रजत पाटीदारने शतक केले. त्या दिवशी मामा फोनवर नीट बोलूही शकले नाहीत.

३ जून २०२५ च्या रात्री आमच्या गल्लीत मराठी-कन्नड सारी पोरे एका पडद्यासमोर बसली होती. अहमदाबादला अंतिम सामना होता, बेंगळुरू विरुद्ध पंजाब. बेंगळुरूने सहा धावांनी जिंकला आणि आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूत स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ माणसे दगावली आणि त्या ओरडण्याची आठवणही नकोशी झाली. पण त्या रात्री अजून ते काही घडायचे होते. साडेबाराच्या सुमारास इंदूरहून मामांचा फोन आला. मी म्हटले, “मामा, तुमचे जुने यजमान हरले की हो!” मामांना क्षणभर कळलेच नाही. “कोण रे?” मी म्हटले, “पंजाब.” तेव्हा ते म्हणाले, “अरे ते सोड. आपल्या रजतने कप उचललेला पाहिलास की नाही?”