पानाची लाली आणि दिव्याची लाली

काचेच्या टाकीत मासे आणि पाणवनस्पती बाळगण्याचा शौक ज्यांना जडला आहे, त्यांची एक तक्रार हमखास कानी येते: दुकानात गर्द लाल दिसलेले रोप घरी आणताच तपकिरी का व्हावे? या फिर्यादीत कधी पाण्याला, कधी खताला, तर कधी विक्रेत्याला आरोपी केले जाते. परंतु माझ्या मते चौकशीचा आरंभ उजेडापासूनच व्हावयास हवा, कारण पानात रंग उपजविणे आणि उपजलेला रंग डोळ्यांना दाखविणे ही दोन्ही कामे दिवाच करतो, आणि त्यांची गल्लत आपण करतो.

लाल पान म्हणजे लाल किरण परत धाडणारे पान. ते किरण दिव्यातच तुटपुंजे असतील, तर पानाने धाडावे तरी काय? स्वस्त पांढऱ्या एलईडीत निळ्या-पिवळ्या अंशांची रेलचेल असते आणि गडद लाल अंश मात्र क्षीण असतो, म्हणून तिच्याखाली खरोखरीचे लाल पानही मळकट भासते. उलट, लाल अंश मुद्दाम वाढविलेल्या दिव्याखाली बेताचा रंगही खुलून दिसतो. लुगडे पसंत करण्यापूर्वी ते दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहणारी चाणाक्ष गृहिणी जो विवेक दाखविते, तोच रोप विकत घेणाऱ्यानेही दाखवावा.

रंग उपजण्याचा मामला याहून खोल आहे. सह्याद्रीच्या सड्यांवरील उथळ डबक्यांत ज्याच्या अनेक जाती आढळतात, त्या रोटाला वंशाची लाली जांभळाच्या रंगासारख्या अँथोसायनिन द्रव्यांची असते; प्रखर प्रकाशामुळे पानात शर्करा साचू लागली आणि नत्राची ओढाताण झाली, म्हणजे अशा वनस्पती हे द्रव्य अधिक प्रमाणात निर्माण करतात, आणि अतिरिक्त उजेडापासून हरितद्रव्याचे काही अंशी रक्षण त्यामुळे होते. शौकिनांच्या आवडत्या आल्टरनँथेराचे कूळ मात्र निराळे: ती आपल्या लाल माठाच्या कुटुंबातली असून तिच्या लालीचे मूळ बीटालेन नावाच्या द्रव्यांत आहे, आणि ही दोन द्रव्ये एकाच वनस्पतीत एकत्र आढळत नाहीत. शिवाय बीटालेनच्या घडणीतच नत्र असल्यामुळे, रोटालाला लाल करण्यासाठी नत्र तोडण्याची युक्ती येथे सरसकट लागू करणे म्हणजे एकाचा हुकूम दुसऱ्यावर बजाविण्यासारखे आहे.

लोहाची बढाईही अशीच अवाजवी. लोह या दोहोंपैकी कोणत्याही रंगद्रव्याचा घटक नाही. ते हरितद्रव्य घडविण्यास लागते, आणि त्याची उणीव प्रथम कोवळ्या पानांच्या पिवळेपणात प्रकट होते. धाराशिव जिल्ह्यातील ऊसकऱ्यांना हे सांगावयास नको, कारण चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो तो लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही म्हणूनच. बोअरच्या जड, अल्कधर्मी पाण्यातही लोह असेच निरुपयोगी होऊन बसते. अशा टाकीसाठी चिलेटेड लोहाची माफक मात्रा उपकारक ठरेल, परंतु मंद उजेडातील रोप ती लाल करील, ही आशा व्यर्थ आहे.

तेव्हा माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. विक्रेत्याने रोप विकण्यापूर्वी ते साध्या दिवसाच्या उजेडात ग्राहकास दाखवावे, आणि दिव्याच्या खोक्यावर केवळ वॅटचा आकडा न छापता त्यातील लाल अंशाचीही नोंद असावी. ग्राहकानेही रंगासाठी खते ओतण्यापूर्वी वनस्पतीचे कूळ विचारावे. कारण अधिक खत म्हणजे अधिक शेवाळ, आणि अधिक शेवाळ म्हणजे टाकीचे पाणी वारंवार बदलणे, जे टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात परवडणारे नाही. येथल्या पाण्यात आणि बेताच्या उजेडात सुखाने वाढणारे हिरवे रोप निवडणे हा तडजोडीचा नव्हे, शहाणपणाचा मार्ग होय.