काडतुसे किती, ते नंतर. बंदूक उडते का, ते आधी



कोणत्याही तालुक्याच्या बैठकीला जा. कापसाच्या भावाचे बोलणे संपले की विषय निघतो तो रानडुकरांचा आणि रोह्यांचा. ज्वारीचा दाणा भरत आला की कळप उतरतो. सकाळी पाहावे तर अर्धा एकर लोळवलेला. अशाच एका बैठकीत एक तरुण उठला आणि म्हणाला, ‘अमेरिकेतल्या शेतकऱ्याकडे आपोआप भरणारी बंदूक आहे. नुसता चाप दाबत राहायचे. आमच्या हाती आजोबांची ठासणीची. कळप हटणार कसा?’

टाळ्या पडल्या. प्रश्न खराच आहे. पण त्याच्या पोटातले उत्तर आम्हाला पटत नाही. त्याचा हिशेब मांडून पाहू.

अमेरिकेतले टेक्सास घेऊ. तिथेही कापूस आहे, ज्वारी आहे, कोरडवाहू आहे आणि डुकरांचा ताप तर आपल्याहून मोठा. तिथला शेतकरी सेमी-ऑटोमॅटिक बारा बोअर वापरतो. ही बंदूक चालते कशी? एक बार उडाला की त्याच्याच जोरावर रिकामे काडतूस बाहेर पडते आणि दुसरे आत येते. ब्राउनिंग यांची ‘ऑटो-५’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये बनू लागली. तिची नळीच धक्क्याने मागे सरकते. काडतूस जड की हलके ते पाहून आतली कडी बदलून लावावी लागते. १९६३ साली आलेली रेमिंग्टन ११०० दारूच्या वायूवर चालते. तिच्यात काजळी साचते, ती वरचेवर पुसावी लागते.

म्हणजे मेख इथे आहे. दुनाळीत काडतूस आपण हाताने भरतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ते काम काडतुसाच्या जोरावर सोपवलेले असते. काडतूस कमजोर निघाले, ओल लागून फुगले, यंत्रात काळ्या मातीची धूळ बसली, की बंदूक मध्येच अडकते. भर रात्री, समोर डुक्कर असताना, बॅटरीच्या उजेडात अडकलेले काडतूस काढत बसायचे!

आता मॅगेझिनची गोष्ट. एक प्रकार नळीचा. नळकांड्यात काडतुसे एकामागे एक बसतात, बहुधा चार-पाच. हवे तेव्हा एखादे वाढवता येते. दुसरा प्रकार पेटीचा, रशियाच्या सायगा बंदुकीसारखा. त्यात पाच, आठ, दहा काडतुसे मावतात आणि पेटी झटकन बदलता येते. पण बाराच्या काडतुसाला बुडाशी कड असते आणि अंग मऊ प्लास्टिकचे. कडेवर कड चुकीची बसली की पुढचे काडतूस अडते. पेटी भरून बरेच दिवस ठेवली तर स्प्रिंगच्या दाबाने काडतूस चेपते. पेटीचे ओठ वाकले तर ती पेटी फेकायचीच. शेताच्या धुळीत राहणाऱ्या माणसाने या दोहोंतून निवडायचे झाले तर नळीचे मॅगेझिन घ्यावे, असे आमचे मत आहे. अडचणीच्या वेळी दहा बेभरवशाच्या बारांपेक्षा दोन खात्रीचे बार बरे.

आणि एवढ्या बंदुकांनी टेक्सासची डुकरे संपली का? २०११ साली तिथे हेलिकॉप्टरमधून डुकरे मारायलाही मुभा मिळाली. २०१९ पासून जमीनमालकाची संमती असली की खासगी रानात डुकरे मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. तरी डुकरे आहेतच. तिथल्या कृषिविस्तारवाल्यांचा हिशेब असा, की संख्या नुसती आहे तिथे थांबवायची तरी दरसाल सुमारे ६६ टक्के डुकरे काढावी लागतील. बार ऐकला की कळप पांगतो आणि शहाणा होतो. म्हणून आता अख्खा कळप एकदम कोंडणाऱ्या मोठ्या पिंजऱ्यांवर तिथे भर आहे.

मग आपण काय मागायचे? सेमी-ऑटोमॅटिक आपल्याकडे निर्बंधित वर्गात मोडते, तिच्यामागे लागून वेळ दवडू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ वाचा. पीकरक्षणासाठी त्यात आधी ठासणीची बंदूक सांगितली आहे. पण ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, हेही त्याच कलमात लिहिले आहे. भांडायचे ते या वाक्यावर. पावसात दारू ओली होते, एका बारानंतर पुन्हा ठासेपर्यंत कळप पार होतो, हे अर्जात लिहा. मागा ती साधी दुनाळी. एक नळी फुसकी गेली तरी दुसरी हाताशी असते आणि मोडून पाहिली की भरलेली आहे की रिकामी हे डोळ्यांना दिसते.

पण नुसत्या बंदुकीच्या परवान्याने जनावर मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे वनखात्याची परवानगी लागते. पीक खाऊन झाल्यावर मिळालेली परवानगी काय कामाची? ती दाणा भरण्याआधी हाती पडली पाहिजे. आणि जे खाल्ले गेले त्याची भरपाई पुढच्या पेरणीआधी मिळाली पाहिजे. जनावर सरकारचे, तर त्याच्या चाऱ्याचा खर्च आमच्या माथी का?

शेवटी घरातली गोष्ट. शेजारच्या मचाणावरही कोणाचा तरी मुलगा जागल करतो आहे. नीट दिसल्याशिवाय बार टाकू नका. मचाणावरून उतरताना बंदूक रिकामी करा. जुन्या ६५ मिलिमीटरच्या घरात ७० मिलिमीटरचे काडतूस घालू नका. पीक पुढच्या साली पुन्हा येईल, माणूस येणार नाही.