कंबर दुखायचीच बायकांची?

शिवाजी महाराजांचा १६६४ साली सुरतेच्या वाटेवर मुक्काम झाला, म्हणून जव्हारजवळचं शिरपामाळ पाहायला लोक येतात. आसपासच्या पाड्यांवर आमची बैठक भरते तेव्हा बायका बोलतात ते कंबर, पाठ आणि थकवा यांबद्दल. साठी ओलांडलेल्या एका मावशींना दोन वर्षं लोहाच्या गोळ्या आणि दुखण्यावरची इंजेक्शनं मिळत होती. हंडे वाहून वाहून दुखतंय, असं सगळ्यांनी ठरवलं. मीसुद्धा. मणका दबला तेव्हा कुठे मुंबईत तपासण्या झाल्या आणि नाव कळलं: मल्टिपल मायलोमा.

हा रक्ताचा कर्करोग. हाडांतल्या गरात प्लाझ्मा पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं त्या बनवतात. त्यातलीच एखादी बिघडते, बेसुमार वाढते आणि एकच निकामी प्रथिन ओतत राहते. चांगल्या रक्तपेशींना जागा उरत नाही, म्हणून रक्त कमी होतं. हाडं पोखरतात, मूत्रपिंडं तुंबतात. अशा मूत्रपिंडांवर वेदनाशामकांचा मारा म्हणजे आगीत तेल.

खरं तर पुरुषांना हा आजार थोडा जास्तच होतो. मग बायकांच्या अंकात का लिहिते? कारण पुरुषाची पाठ महिनोन्महिने दुखली तर घर काळजीत पडतं. बाईची दुखली तर तिचं वय मोजतात. अभिनेत्री किरण खेर यांचा हात मोडला, तपासण्या झाल्या आणि हाच आजार सापडला. २०२१ मध्ये ते जाहीर झालं. आमच्याकडे मोडलेल्या हाताला प्लास्टर घालून घरी पाठवतात.

बहुतेक कंबरदुखी मायलोमाची नसते. पण न थांबणारी पाठदुखी, गोळ्या घेऊनही न चढणारं हिमोग्लोबिन, पुन्हापुन्हा न्यूमोनिया असं एकत्र दिसलं, की क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी मागायची. हट्टाने मागायची.

आजार सहसा मुळापासून जात नाही, पण पुष्कळांचा वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. बोर्टेझोमिबची इंजेक्शनं, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोनच्या गोळ्या. ज्यांना सोसवेल त्यांना स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण. लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडचं भावंड. तेच थॅलिडोमाइड, जे १९५०च्या दशकाअखेरीस गरोदर बायकांना मळमळीवर दिलं आणि हजारो मुलं अधुऱ्या हातापायांनी जन्मली. १९९९ मध्ये ते मायलोमावर चालतं असं दिसून आलं. माझा राग औषधावर नाही. बाईला काही न सांगता ते देण्यावर आहे.

मावशींना आता दर खेपेला परळला जाताना सोबत लागते. गेल्या वेळी सून मजुरी बुडवून गेली. पुढच्या खेपेला कोण जाणार, ते येत्या बैठकीत ठरवायचं आहे.